सहावा डबा

त्या रात्री अख्ख्या विरार पूर्वेची वीज गेली होती आणि सोसायटीतली पोरंटोरं गच्चीवर जमली होती. शांताराममामा पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसले होते. चाळीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस, उगाच बोलणारा नव्हे. मनालीनं मोबाइलचा टॉर्च लावला तसे म्हणाले, "बंद कर गं तो. ज्याची गोष्ट सांगतोय तो अजून जिवंत आहे. उजेडात त्याच्याबद्दल बोलवत नाही मला."

आणि मग त्यांनी सांगितलं ते असं.

मालजीपाड्याचा दीपेश. खाडीकाठची शेती, ती रस्त्यात गेली, मिठागर बंद पडलं, म्हणून पोरगा अवजड मालाच्या एका कंत्राटदाराकडे पायलट गाडीवर लागला. मुंबईतल्या एका नव्या मेट्रोसाठी गुजरातेतल्या कारखान्यातून कोरे डबे येत होते. एकेक डबा एकेका ट्रेलरवर, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. असे सहा डबे जोडले की एक गाडी. दिवसा एवढं लांब धूड हायवेवरून न्यायची परवानगी नाही. म्हणून खानिवड्याला दिवसभर थांबायचं, रात्री अकरानंतर निघायचं आणि उजाडायच्या आत कारशेड गाठायचं. पुढे पिवळा दिवा फिरवत दीपेशची जीप, मागे ट्रेलर.

ट्रेलर चालवायला वटारचा स्टीवन. शांत माणूस, निघताना स्टिअरिंगला हात लावून क्रूसाची खूण करायचा. त्याच्या शेजारी कंपनीचा सुपरवायझर हर्षवर्धन. आणि डब्याच्या टपावर, वाऱ्यात, श्रीपतदादा.

श्रीपतदादाचं काम बांबूचं. रस्त्यावर खाली लोंबणारी वायर आली की लांब बांबूनं ती उचलून धरायची, डबा खालून जाऊ द्यायचा. टपावर बांबू एकदा आपटला की थांब, दोनदा आपटला की चल. पन्नाशीचा माणूस, दीपेशच्या घराला लागून घर. हे काम त्याला दीपेशनंच लावून दिलं होतं.

तारीख सांगतो. दोन डिसेंबर, दोन हजार चोवीस, सोमवार. अमावास्या आदल्या दिवशी उतरलेली. पाच डबे पोचले होते, हा सहावा. दुसऱ्या दिवशी साहेब लोक जोडलेली गाडी बघायला येणार होते.

खानिवड्याला सगळ्यांनी जेवणाचे डबे उघडून भाकरी खाल्ली. श्रीपतदादा शिडी चढायला लागला तेव्हा म्हणाला, "दीपेश, पट्टा नाय रं आज?"

कमरेला बांधायचा पट्टा एकच होता आणि त्याचा हूक तुटला होता. नवा मागायचं दीपेशच्या डोक्यातून गेलं होतं.

"आजचा दिवस सांभाळून घे ना दादा. शेवटचीच खेप आहे."

"बरं," म्हणाला तो. वर चढला.

सातिवली मागे पडली. चिंचोटीजवळ रस्त्याचं काम चालू होतं, वाहतूक सर्व्हिस रोडला वळवलेली. रात्रीचा एक वाजून पस्तीस मिनिटं. दोन्ही बाजूंना गोदामं आणि वर कुणीकुणी ओढलेल्या वायरींचं जाळं. दीपेश जीप हळूहळू पुढे काढत होता. मागून आवाज आला.

ठक.

थांब म्हणून. दीपेशनं जीप थांबवली. पण आरशात ट्रेलरचे दिवे पुढेच येत राहिले. नंतर स्टीवननं शपथेवर सांगितलं, त्याचा पाय ब्रेकवर गेला होता. हर्षवर्धननं त्याचा गुडघा हातानं बाजूला ढकलला. "थांबू नको. दर वायरला थांबलो तर उद्या दुपारी पोचू. चल!"

ठक! दोनदा नाही, एकदाच. थांब म्हणून पुन्हा एकदाच.

मग बांबू रस्त्यावर पडल्याचा आवाज.

जाड वायर श्रीपतदादाच्या गळ्याखाली अडकली. ट्रेलर पुढे गेला, माणूस मागे राहिला. क्षणभर तो हवेत लटकला, दोन्ही हातांनी वायर धरून. दीपेशनं आरशात ते पाहिलं. मग वायर तुटली आणि तो डब्याच्या कडेवर आपटून खाली आला, चाकांत. ट्रेलरला चाकं किती असतात ठाऊक आहे? सगळी गेली नाहीत. दोन गेली. गुडघ्यांवरून.

दीपेश धावला. हाडाचे तुकडे डांबरावर दिसत होते. गळा कानापर्यंत सोललेला. आणि डोळे उघडे.

"पानी..." श्रीपतदादा म्हणाला. "दीपेश... पानी दे."

दीपेशनं फोन काढला. हर्षवर्धननं तो हातातून ओढून घेतला.

"कोणाला लावतोस? पोलीस आले तर ट्रेलर महिनाभर इथे सडेल. हा वाचणार आहे का? बघ त्याच्याकडे."

"साहेब, जिवंत आहे तो!"

"पट्टा का नव्हता त्याला? वर कोणी चढवला?" हर्षवर्धन अगदी हळू बोलला. "मी तर नाही चढवला. हायवेवर रोज माणसं मरतात. अज्ञात वाहन. पाय धर."

स्टीवन रस्त्याच्या कडेला ओकत होता. दीपेशनं पाय धरले. पोरांनो, एक पाय त्याच्या हातात आला आणि माणूस मागे राहिला. तरी त्यांनी त्याला उचलला. गटारापलीकडच्या गवतात ठेवला. शेजारी तो पाय ठेवला. बाटलीभर पाणी रस्त्यावर ओतून रक्त पसरवून टाकलं.

पाणी रस्त्यावर ओतलं. त्याला नाही दिलं.

आणि निघाले.

मामा इथे थांबले. खाली कुठेतरी जनरेटर सुरू झाला आणि पुन्हा बंद पडला. "मग?" कल्पेशनं विचारलं.

मग बापाणे गेलं. दीपेशच्या बोटांत अजून ते ओलं, कोमट होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी मालजीपाड्याचा फाटा आला. दीपेशचा फाटा. श्रीपतदादाचाही.

ठक.

दीपेशचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागे ट्रेलरही करकचून थांबला.

वर मोकळं आभाळ. एक वायर नाही.

हर्षवर्धननं काच खाली केली. "प्लास्टिकची पट्टी सुटली असेल. चल."

ठक.

"चल म्हणतो ना!"

स्टीवननं चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. दार उघडून खाली उतरला. "मी नाय चालवणार," एवढंच म्हणाला आणि येऊन दीपेशजवळ उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, प्रार्थना चालली होती.

ठक... ठक... ठक...

आता आवाज टपावरून चालत होता. शेपटाकडून तोंडाकडे. सावकाश. मध्येच काहीतरी घासत. जसं कोणी बांबूच्या आधारानं, एकाच पायावर...

तोंडाशी येऊन थांबला.

मग तोच आवाज आतून आला. डब्याच्या आतून. कारखान्यातून कुलूपबंद होऊन आलेल्या, ज्यात अजून एकही माणूस बसला नव्हता त्या डब्यातून. पांढरं प्लास्टिक आतून ढोसल्यासारखं फुगलं. बसलं. पुन्हा फुगलं.

"कोणीतरी चोर शिरलाय," हर्षवर्धन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. सीटमागची चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन तो उतरला. "बघतोच साल्याला."

"साहेब, नका चढू," दीपेश म्हणाला.

तो चढला. माणसाला कधी कधी भीतीपेक्षा राग सोपा वाटतो.

दीपेशच्या जीपचा पिवळा दिवा फिरत होता. उजेड यायचा, जायचा. उजेडात हर्षवर्धन टपाच्या टोकाशी. काळोख. उजेडात टपाच्या मध्यावर, टॉमी उगारलेली. काळोख. उजेडात टॉमी नव्हती. दोन्ही हात स्वतःच्या गळ्यावर.

काहीतरी ओरबाडत होता तो गळ्यापासून. काहीच नव्हतं तिथे.

काळोख.

उजेड आला तेव्हा त्याच्या बुटांची टोकं टपापासून वीतभर वर होती.

"माय गॉड," स्टीवन म्हणाला.

गळ्यावर एक रेघ उमटली. ती रुंद होत गेली. कानापर्यंत गेली. रक्त पांढऱ्या प्लास्टिकवरून खाली ओघळलं. हर्षवर्धन पाय झाडत होता, बूट निघून खाली पडला. आवाज येत नव्हता. नुसता फसफस...

मग त्याला सोडलं. कडेवर आपटला आणि रस्त्यावर आला. उताणा. चाकांच्या पुढ्यात. जिवंत.

"ओढ त्याला!" दीपेश ओरडला आणि दोघं धावले. दहा पावलं राहिली होती. इंजिन बंद. हँडब्रेक लावलेला. केबिनमध्ये कोणी नाही.

ट्रेलर हलला.

हातभरच पुढे सरकला. कुरकुर... आणि मग तो आवाज. दीपेशनं अर्ध्या तासापूर्वीच ऐकलेला. गुडघ्यांचा. हर्षवर्धननं तोंड उघडलं, इतकं की जबडा निखळतो की काय. किंकाळी पार खाडीपर्यंत गेली असेल. तो हात पसरून दीपेशकडे बघत राहिला. मग बघायचा थांबला.

शांतता.

वरून, टपावरून.

ठक. ठक.

दोनदा. चला.

दीपेश स्टीवनचा फोन घेऊन जीपमध्ये बसला आणि उलट्या दिशेनं, समोरून येणाऱ्या ट्रकांना चुकवत, चिंचोटीला गेला. श्रीपतदादा ठेवला होता तिथेच होता. गार झालेला. तोंड उघडं, जीभ सुकलेली. दीपेशनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जीपमधल्या दुसऱ्या बाटलीतलं पाणी त्याच्या ओठांना लावलं. ते गालावरून वाहून गेलं. मग त्यानं पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला आणि पहिल्या वाक्यापासून सगळं खरं सांगितलं. जीव होता तेव्हा टाकला, हेही.

पोलिसांनी त्याला सकाळी गावात नेलं. भागूबाई, श्रीपतदादाची बायको, ओट्यावर बसली होती. कळलं होतं तिला. तिनं ना शिवी दिली ना छाती बडवली. दीपेशकडे बघून एकच विचारलं.

"पानी मागितलं आसंल त्यानं. दिलंस का?"

दीपेशनं नकारार्थी मान हलवली.

"जा," ती म्हणाली.

दीपेश पाच महिने आत राहिला. आता जामिनावर आहे, खटला चालू आहे. कोर्टात वकील त्याला वाचवायला बघतो आणि हा मध्येच उठून म्हणतो, मी केलं. स्टीवननं साक्ष दिली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. हर्षवर्धनच्या मरणाचं काय लिहिलं? टपावरून तोल गेला, ट्रेलर सरकला. गळ्याचं डॉक्टरांनी लिहिलं, कारण नमूद नाही.

आणि डबा? तो सतरा दिवस फाट्यावर उभा होता. मग कारशेडला आला. तो ट्रेलरवरून उचलून रुळावर ठेवणारी क्रेन शांताराममामांची. मामांची ती शेवटची नोकरी. पुढचं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पंचांसमोर सील तोडलं. आत सगळं कोरं, सीटांवर कागद, धुळीत एक ठसा नाही. डबा जोडला, वीज दिली, दारं तपासायला घेतली. एका बाजूला चार दारं. बाकीची तीन लागली. तिसऱ्या नंबरचं आलं... आणि चार बोटं, बांबू मावेल एवढी फट ठेवून थांबलं. उघडलं. पुन्हा आलं. चार बोटांवर थांबलं.

रबर बदललं. मोटर बदलली. कारखान्यातून माणसं आली, अख्खं दार बदलून गेली. एका रात्री तरुण इंजिनिअर वैतागून त्या फटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता. इकडे काही नाही. तिकडे काही नाही. त्यानं हात काढला आणि बटण दाबलं.

दार आलं. चार बोटांवर थांबलं.

आतल्या पडद्यावर लाल अक्षरांत एवढंच...

दारात अडथळा.