आक्काताईंच्या गळ्यातले डोळे

भिंगरी बारा आठवड्यांची झाली त्या सोमवारी तिची परीक्षा होती, आणि नापासाला फेरपरीक्षा नव्हती. कोल्हापूरजवळच्या इंद्रियसंशोधन केंद्रातल्या प्राणिसमितीने तसा ठरावच केला होता. माणसाच्या मदतीशिवाय, अडथळे चुकवून, पिल्लू स्वतःच्या वाटीपर्यंत पोचलं तर जगेल. नाही तर इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवायचं.

समिती काही दुष्ट नव्हती. कुणा हौशी गृहस्थांनी शोभिवंत रंगासाठी दोन कबऱ्या कुत्र्यांची जोडी लावली होती. कबरेपणाचं ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं की पिल्लू पांढरंफटक निपजतं, आणि पुष्कळदा आंधळं-बहिरंही. भिंगरीला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, शिवाय पुढचा डावा पाय आखूड. हौस फिटल्यावर गृहस्थांनी तिला खोक्यात घालून केंद्राच्या फाटकाशी ठेवलं. ती एकाच जागी गरगर फिरायची, म्हणून तिथले प्राणी सांभाळणाऱ्या आक्काताई चौगुले यांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं.

मेंदूतज्ज्ञ डॉ. चैत्राली बर्वे यांनी तिच्यासाठी स्पर्शपट बनवून घेतला. पाठीवर बसणारं मऊ कापड, आणि त्याच्या आतून हजारभर बोथट टाचण्या. त्याला जोडलेल्या कॅमेऱ्याला जे दिसेल त्याची आकृती त्या टाचण्या पिल्लाच्या पाठीवर टोचून काढत.

"पण पाठीनं दिसणार कसं?" पशुवैद्य डॉ. इरफान मुजावर यांनी तेव्हा विचारलं होतं.

"दिसतं ते मेंदूत. बातमी डोळ्यांकडून आली की पाठीकडून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फक्त त्याचा घडणकाळ बारा आठवड्यांचा. तेवढ्यात शिकला ते पक्कं. नंतर नवी पद्धत तो घेत नाही."

अडचण एकच होती. कॅमेऱ्याची पेटी तीनशे ग्रॅमची आणि पिल्लू सातशेचं. हलका कॅमेरा यायला वेळ होता.

"द्या हिकडं. तवर माझ्या गळ्यात ऱ्हाऊ दे," आक्काताई म्हणाल्या, आणि इतक्या शहाण्या माणसांत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

नऊ आठवडे ती पेटी त्यांच्या गळ्यात होती. भिंगरी खुर्च्या चुकवायला शिकली. मुजावर दिसले की शेपूट हलवू लागली, ते फक्त टोचायला येत तरीसुद्धा.

सोमवारी तिच्या गळ्यात तिचा स्वतःचा हलका कॅमेरा बांधला आणि आक्काताईंना बाहेर उभं केलं. भिंगरी खुर्चीवर आदळली, टेबलावर आदळली, आणि मग पहिल्या दिवसासारखी जागच्या जागी गरगर फिरू लागली. काचेपलीकडे आक्काताईंना ते बघवेना.

"कॅमेरा बिघडला का?" मुजावरांनी विचारलं.

"कॅमेरा ठीक आहे. बिघडली ती आपली अक्कल," बर्वे म्हणाल्या. "नऊ आठवडे ती आक्काताईंच्या गळ्यातून बघतेय. त्या चित्रात खोली असते, खुर्ची असते आणि मधोमध ती स्वतः असते. स्वतःला बाहेरून बघत चालायचं, एवढंच तिला येतं. आज चित्रातून तीच गायब आहे. मग ती चालवणार कुणाला?"

"परत शिकवू."

"घडणकाळ संपला, डॉक्टर."

आक्काताई दारात येऊन उभ्या होत्या. "मग मी घालती की पेटी. जल्मभर घालती."

"माणसाच्या मदतीशिवाय, असं ठरावात आहे, आक्काताई." बर्वे बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर वर गेली. "तिला बाहेरूनच बघायचंय ना? मग कॅमेरा छताला लावू!"

समितीने कुरकुरत दोन दिवस दिले. बुधवारी भिंगरी लंगडत, पण कुठेही न धडकता, थेट वाटीपाशी पोचली. कोपऱ्यात उभ्या मुजावरांना बघून तिने शेपूटही हलवलं. मुजावरांनी ट्रेमधल्या सिरिंजवर फडकं टाकलं. भिंगरी पास झाली होती. पुण्याच्या एका जोडप्याने तिला आधीच मागितलं होतं, आणि आता छताला कॅमेरा बसवला की ती कुणाच्याही घरी राहू शकणार होती.

आक्काताईंना राहवेना. सवयीने गळ्यात राहिलेली बंद पेटी खुंटीला टांगून त्या धावतच आत गेल्या.

भिंगरी गुरगुरली. मागे सरकत भिंतीला टेकली आणि भुंकायला लागली.

"अगं, मी हाय! आक्का!" तिला ऐकू येत नाही हेसुद्धा त्या विसरल्या.

"मला बघून शेपूट हलवते आणि यांच्यावर भुंकते?" मुजावर चक्रावले.

बर्वे हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चित्रात होतात, डॉक्टर. या कधीच नव्हत्या. कॅमेरा यांच्याच गळ्यात होता. वास ओळखीचा येतोय तिला, पण ही बाई तिने आज पहिल्यांदा पाहिली."

आक्काताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटच्या पोरीसारखं जिला सांभाळलं, तिला आपण एकदाही दिसलो नव्हतो. बर्वेंनाही फार वाईट वाटलं. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

आक्काताई दोन पावलं मागे सरल्या. मग खाली बसल्या.

"हात तरी दिसलं असत्याल की माझं," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे करून ओंजळ धरली, रोज दूधभात भरवताना धरायच्या तशी.

भुंकणं थांबलं. भिंगरी लंगडत आली. ओंजळ रिकामी होती तरी तिने ती चाटली, आणि मग हातांपासून वर वर हुंगत बाकीच्या बाईपर्यंत पोचली.

बऱ्याच वेळाने बर्वे जवळ आल्या. "पुण्याचे लोक रविवारी येतायत, आक्काताई."

आक्काताईंनी भिंगरीच्या पाठीवरून हात काढला नाही.

"मॅडम, आमच्या घराला पत्रा हाय," त्या म्हणाल्या. "कॅमेरा बसंल न्हवं त्याला?"