दुसऱ्यांदा कोणी कंपाइल केलं?

मशीनमध्ये भूत? काय पण! असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. त्या खोलीत मी होते, ते नव्हते.

मार्चमधला दुसरा रविवार, दुपारचे दोन. घाटकोपर पूर्वेला एका छोट्या ब्लड बँकेची सर्व्हर रूम. मी नेत्रा, लिनक्सची मशीन सांभाळणं हे माझं काम.

रक्ताच्या फ्रिजचं तापमान बिघडलं की अलार्म देणारं मशीन होतं ते. नव्या सेन्सरसाठी त्याचा कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सोर्स कोडपासून नव्याने बनवायचा होता. तोवर अलार्म बंद.

"लवकर आटप गं," टेक्निशियन चेतना दारातून म्हणाली. "दर दहा मिनिटांनी हाताने तापमान लिहितेय मी. नव्वद पिशव्या आहेत आत."

बनवण्याआधी ते मशीन शेकडो प्रश्न विचारतं. हे हवं? ते हवं? माझ्या आधी हे काम सम्यकदादा करायचा. तो एकेक प्रश्न वाचायचा. जानेवारीत हार्ट अटॅकने गेला.

मी मात्र एंटर दाबत सुटले.

डिस्क चालवणाऱ्या एका जुनाट प्रोग्रॅमचा, म्हणजे ड्रायव्हरचा, प्रश्न आला. आता कोण वापरतं हे? मी 'एन' दाबलं. म्हणजे नको.

स्क्रीनवर... 'वाय' उमटलं.

चुकून बोट पडलं असेल. चिडून मी उत्तरांची फाइल उघडली आणि तो ड्रायव्हर हाताने बंद केला. सेव्ह केलं. कंपाइल, म्हणजे कोडपासून कर्नेल बनवणं, सुरू.

खोलीत फक्त पंख्यांची घरघर. मी हाताची घडी घालून बसले.

तेवढ्यात... टक. टक टक.

की-बोर्ड माझ्या समोरच होता. त्यावरची एकही की हलत नव्हती.

चेतनाने दार उघडलं. "कोण टाइप करतंय? मला वाटलं तू करतेयस."

मी दोन्ही हात वर करून तिला दाखवले.

चाळीस मिनिटांनी नवा कर्नेल बसवला आणि मशीन रीस्टार्ट केलं.

त्याच क्षणी आठवलं... या मशीनची मुख्य डिस्क त्याच जुनाट ड्रायव्हरवर चालते.

तो नसेल तर मशीन उठणारच नाही. आणि जागा पुरत नाही म्हणून जुना कर्नेल मी आधीच उडवला होता. माझी पार वाट लागली होती.

स्क्रीन काळी... दहा सेकंद... वीस...

मशीन उठलं. अलार्मचा हिरवा दिवा लागला. "झकास," म्हणत चेतना चहा सांगायला गेली.

कर्नेल कोणी बनवला, कितव्यांदा बनवला, हे त्याच्यातच नोंदलेलं असतं. मी ते उघडून पाहिलं.

बनवणारा... सम्यक.

बिल्ड क्रमांक दोन. मी तर एकदाच कंपाइल केलं होतं. आणि दादाचं लॉगिन तो गेल्यावर मीच काढून टाकलं होतं.

गेल्या रविवारी मुलुंडच्या एका ब्लड बँकेत हेच काम होतं. या वेळी मी प्रत्येक प्रश्न वाचला. एकाला मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं आणि थांबले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं...

काहीच नाही. चूक तशीच राहिली.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रडूच आलं. तिथल्या फ्रिजमध्ये दोनशे पिशव्या होत्या, आणि खोलीत मी एकटीच होते.