सातव्या पुलावरची गळती

निवृत्त कारकुनाला घरचे लोक काम सांगतात, ते दुसरं कोणी मोकळं नसेल तेव्हाच. गेल्या हिवाळ्यात पेई-युनचा, माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचा, फोन आला तो असाच.

"काका, बाबांच्या मोटरसायकलचं कूलंट, ते इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, पुन्हा गळतंय. आज घाटात शेवटचं बघते. सापडलं नाही तर सोमवारी गाडी भंगारात. तुम्ही मागे बसा आणि कुठून गळतं ते बघा."

"मागे बसून पुढचं काय दिसणार मला?"

"आयुष्यभर ऑफिसात तेच करत होतात ना?"

गेलो. दादा, म्हणजे क्वांग-श्योंग, दोन वर्षांपूर्वी घाटावर चहाच्या मळ्यांपाशी गेला. गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं, दगडावर बसला आणि हृदय थांबलं. मरतानाही नीटनेटका. त्याची म्हणावी अशी एवढी गाडीच उरली होती.

चुशानच्या बाजारात शिऊ-मेईचं गॅरेज आहे. दादाची गाडी वीस वर्षं तिच्याच हाताखाली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पंप बघितला. होजपाइप बघितले. हवेचा दाब देऊन दिवसभर ठेवली. एक थेंब नाही. इथे सुनेसारखी वागते आणि घाटात गेली की रंग दाखवते."

"घाटात कुठे?"

"दर वेळी सातव्या पुलाच्या वरच्या टोकाला. तिथे चढ संपतो, दाब सगळ्यात जास्त. कळलं का, कारकूनसाहेब?"

कळलं होतं. तिला वाटलं त्यापेक्षा जरा जास्तच.

घराबाहेर मेलेल्या माणसाचा जीव आम्ही उदबत्तीच्या धुरामागून घरी आणतो. वाटेत पूल आला की घरच्या माणसाने मोठ्याने सांगायचं, 'पूल आला, पार कर.' नाही सांगितलं तर तो तिथेच थांबतो. दादाला घरी आणलं त्या दिवशी पेई-युन आईला सांभाळत दुसऱ्या गाडीत होती. उदबत्ती माझ्या हातात, सांगायचं काम माझं. वरून मोजत आलं की अकरा पूल. सहा पुलांवर मी ओरडलो. सातव्याच्या तोंडाशी रस्त्याचं काम चाललेलं, वाहनं खोळंबलेली, काचा खाली. शेजारच्याच गाडीत आमचे जुने साहेब. त्यांच्याबरोबर वीस वर्षं चहा पीत मी असल्या चालीरीतींची टिंगल केलेली. मी खोकलो. बोललो नाही. पुढच्या चारही पुलांवर मात्र घसा फुटेस्तोवर ओरडलो, रिकाम्या रस्त्याला.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं गावाच्या मृत्यूंची नोंद केलेला माणूस एका पुलावर लाजला, हे सांगण्यासारखं नाहीच.

दुपारी दोनला निघालो. चढताना नवव्या पुलानंतर धुकं उतरलं. बांबूची बेटं दिसेनाशी झाली, नुसती करकरत राहिली. सातवा पूल ओलांडताना गोडसर, करपलेला वास आला आणि पेई-युन म्हणाली, "तापमानाचा काटा चढला... काका, हीच ती जागा."

समोरून वाफ उठली. तिने गाडी कठड्याला लावली. मी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो. रेडिएटरच्या खालच्या नळीवर, ती आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या कडेने हिरवा थेंब जमत होता, फुगत होता, पडत होता.

"सापडलं!" मी ओरडलो. "क्लॅम्प ढिला आहे."

"शिऊ-मेई मावशीने तीनदा आवळलाय तो..."

क्लॅम्पचा स्क्रू माझ्याकडेच तोंड करून होता. खिशातलं दहाचं नाणं खाचेत घालून मी पिळला. बोटं भाजली. थेंब थांबला नाही. गाडी निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणून आम्ही बसून राहिलो.

टिक... टिक... निवताना लोखंड वाजतंच. पण पाऊण तास झाला, इंजिनावर हात ठेवता येऊ लागला, तरी वाजतच होतं. आणि आवाज इंजिनातून येत नव्हता. कठड्याच्या दिशेने येत होता. कोणीतरी किल्लीने लोखंडावर ठोकावं तसा. बराच वेळ वाट बघणाऱ्या माणसाने ठोकावं, तसा सावकाश.

"बाबा असंच करायचे," पेई-युन हळूच म्हणाली. "आईला आवरायला उशीर झाला की... फाटकावर."

मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या कोटाची बाही धरली.

तेवढ्यात धुक्यातून चार सायकलवाले आले आणि थांबले. "आजोबा, मदत हवीय का?"

पुन्हा प्रेक्षक. माझं नशीब विनोदी आहे, हे मला नोकरीतच कळलं होतं. मी उठलो, कठड्याकडे तोंड केलं.

"दादा! पूल आला! पार कर, दादा... घरी चल!"

सायकलवाले हसतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांच्यातल्या एकाने टोपी काढून हात जोडले होते.

टिकटिक थांबली होती. टॉर्च मारला. क्लॅम्प कोरडा. आम्ही पाणी भरलं आणि उतरलो, प्रत्येक पुलावर ओरडत. पेई-युनचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता आणि अकराव्या पुलावर ती चक्क हसत होती. काटा जागचा हलला नाही. त्या रात्री आम्ही दादाच्या घरी चौघांची पानं मांडून जेवलो. वहिनीने कारण विचारलं नाही.

सकाळी शिऊ-मेई दादाच्या अंगणात आली, गाडीखाली सरकली आणि तिथूनच ओरडली, "कारकूनसाहेब, क्लॅम्पला हात कोणी लावला?"

"मीच. नाण्याने आवळला."

"थापा मारू नका. नाणं जाणार कुठून इथे? स्क्रूचं तोंड आत आहे. टाकी उतरवल्याशिवाय हात पोचत नाही." ती गाडीखालून बाहेर आली. "असा आतल्या बाजूने बसवणारा एकच गाढव होता, तुमचा भाऊ. बाहेरून स्क्रू दिसला की त्याला चैन पडायची नाही. मी महिन्यापूर्वीच तो बाहेर वळवला होता... परत वळवू?"

"राहू दे, मावशी," पेई-युन म्हणाली. "भंगारवाल्यालाही नाही म्हणून कळवते."

त्यानंतर आजवर एक थेंब नाही. त्या सकाळी मात्र मी वाकून त्या क्लॅम्पला बोट लावलं होतं. गाडी रात्रभर थंडीत अंगणात उभी होती, इंजिन गार पडलेलं. क्लॅम्प कोमट होता, नुकताच हात काढून घ्यावा तसा.