सतरा नंबरचा बिल्ला

ही घटना खरी आहे.

ज्याच्यावर ती गुदरली तो निहार माझा सख्खा भाचा. त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणी एकदा मारून पाहिली होती, तर ताप आला होता.

तारीख तीस जानेवारी, गेल्या वर्षीची. जागा मिनेसोटातलं ईडन प्रेरी. वेळ दुपारी साडेतीन.

हो, दुपारी. बाहेर उणे बावीस होतं. एवढ्या थंडीत रात्री भूतसुद्धा बाहेर पडत नसावं.

निहार तिथे विमानं दुरुस्त करायचा कोर्स करत होता, स्वतःच्या पैशाने. त्याच्या व्हिसावर शिकताना कमवायची परवानगी नसते. कुणाच्या कॅफेत चार कप विसळले तरी गुन्हा. म्हणून नागपूरजवळ बुटीबोरीच्या कारखान्यात सात वर्षं साठवलेलं सगळं त्याने आधीच तिकडे पाठवून दिलं होतं.

शाळेला नाही.

उल्हास काकांना.

हे काका नात्याने कुणीच नव्हते. निहारच्या वडिलांच्या मित्राचे मावसभाऊ. वीस वर्षं तिकडे, आयटीत. त्यांनी फोनवर सांगितलं, "इथल्या माणसाची स्पॉन्सर म्हणून सही असली ना, की व्हिसा लगेच होतो. पैसे माझ्या अकाउंटला राहू देत. फी मी भरत जातो. तू फक्त अभ्यास कर यार."

आपल्या माणसाकडे पावती मागायची नसते, हा संस्कार आमच्याच घरातला. तेव्हा दोष कुणाला देणार?

काकांनी राहायला बेसमेंट दिलं. शुभा काकू गरम पोळ्या वाढायच्या. तक्रारीला जागाच नव्हती.

आता शाळेतली एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

हँगरच्या भिंतीवर हत्यारांचा मोठा फळा. प्रत्येक पान्याला स्वतःचा खिळा. प्रत्येक विद्यार्थ्याकडे आपल्या नंबरचे पितळी बिल्ले. पाना घेतला की त्याच्या जागी आपला बिल्ला लटकवायचा. सुट्टीच्या वेळी फळा पूर्ण भरला नाही, तर कुणीही घरी जायचं नाही. विमानाच्या पोटात एक पाना विसरला, तर वर काय होईल ते सांगायला नको.

त्या दुपारी सगळे पाने परत आले.

एक सोडून...

त्या खिळ्यावर बिल्ला होता. सतरा नंबरचा.

वर्गात सतरा नंबर कुणाचाच नव्हता.

डेल नावाचे मास्तर होते. सहा फूट, गोरेपान. ते आणखी गोरे झाले.

त्यांनी बिल्ला काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "जा घरी."

पाना सापडलेला नसताना! तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं म्हणे.

निहार जॅकेट घालून निघाला. दारापर्यंत पोचला, आणि मागून आवाज आला...

कट... कट... कट...

सरावासाठी ठेवलेलं एक जुनं विमान होतं. त्याच्या पंखाआड कुणीतरी नट आवळत होतं. शांतपणे. घाई नसल्यासारखं.

"हू इज देअर?" निहारने विचारलं.

आवाज थांबला.

मग पंखाआडून उत्तर आलं...

"झालंच हो. दोन मिनिटं."

मराठीत.

त्या शाळेत मराठी बोलणारा एकच माणूस होता, आणि तो दारात उभा होता.

निहार धावत पंखामागे गेला. तिथे कुणी नव्हतं. जमिनीवर हरवलेला पाना पडला होता. तो त्याने उचलला.

पाना गरम होता. आत्ताच कुणाच्या तरी मुठीत असल्यासारखा...

दुसऱ्या दिवशी त्याने डेलना गाठलं. मास्तरांनी नजर बुटांकडे वळवली. मग म्हणाले, "सतरा म्हणजे सुमंत. तुमच्यातलाच. इतका चांगला हात मी पाहिला नाही. त्याची फी यायची थांबली. ऑफिसने नाव कापलं. तरी तो रोज यायचा. त्याला नको कसं म्हणायचं, ते मला जमेना. एके दिवशी बसस्टॉपवर बसल्या जागी गोठून गेलेला सापडला. बर्फात. घरातून बाहेर काढलं होतं म्हणतात."

"राहायचा कुठे?"

"तू जिथे राहतोस तिथेच. तुझ्या अंकलच्या बेसमेंटमध्ये."

"कधीची गोष्ट ही?"

"गेल्या फेब्रुवारीतली."

निहार हसला. सुटल्यासारखा हसला.

कारण ते शक्यच नव्हतं. पैसे पाठवण्याआधी तो स्वतः सुमंतशी फोनवर बोलला होता. काकांनीच फोन जोडून दिला होता. "हा सुमंत. माझ्याकडेच राहतो. काय विचारायचं ते विचार." आणि सुमंत म्हणाला होता, "बिनधास्त या. फी काका वेळेवर भरतात."

निहार तिकडे पोचला तेव्हा, सुमंत दुसरीकडे राहायला गेला, एवढंच काका म्हणाले होते.

तो फोन जूनमध्ये झाला होता.

फेब्रुवारीनंतर चार महिन्यांनी...

आणि तेव्हा फोनमध्ये मागे एक बारीक आवाज येत होता, कट... कट... निहारला वाटलं होतं, लाईन खराब आहे.

काकांनी दुसऱ्याच कुणाला तरी बोलायला लावलं असेल, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणालो. तसं म्हणूनही बरं वाटलं नाही, एवढंच.

निहार तडक ऑफिसात गेला. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरकडे पाहून गोड आवाजात सांगितलं, की पहिल्या हप्त्यानंतर फी आलेली नाही. सोमवारपर्यंत आली नाही तर नाव कापलं जाईल. नाव कापलं की व्हिसा गेला.

घरी काका टीव्हीसमोर होते.

"काका, माझी फी?"

"अरे, आलास? बस ना. मार्केट डाऊन आहे यार. पैसे गेले नाहीत, फक्त अडकलेत."

"माझे पैसे तुम्ही मार्केटमध्ये घातले?"

"आपले म्हण रे. तुझे-माझे काय करतोस परक्यासारखं?"

"आधी जेवून घे," काकू म्हणाल्या. "रिकाम्या पोटी माणूस काहीही बोलतो."

"काकू, इथे सुमंत राहायचा, त्याचं काय झालं?"

काकूंच्या हातातला डाव वरणात तसाच थांबला.

"त्याचं डोकं फिरलं होतं," काका म्हणाले. "बेसमेंट दिलं, जेवायला घातलं, तरी आम्हालाच चोर म्हणायचा. बाय द वे, रविवारी सांगलीच्या एका मुलाचा फोन आहे. शिव म्हणून. तुझ्याच कोर्सला यायचंय त्याला. दोन शब्द चांगले बोल. सोमवारी सकाळी तुझी फी कम्प्लीट."

"आणि नाही बोललो तर?"

"मग नागपूरला थंडी कमी असते," काका म्हणाले. आवाज अजिबात न चढवता.

काकूंनी वरण वाढलं. "बोल रे. काय जातंय तुझं?"

रविवारी सकाळी अकरा वाजता फोन लागला. काका समोरच्या सोफ्यावर, चहा घेत. निहारने फोन हातात घेतला. सात वर्षांची कमाई एका बाजूला, आणि दुसरीकडे न पाहिलेला एक मुलगा.

पुढचं निहार शपथेवर सांगतो.

तो म्हणाला, "शिव, येऊ नकोस. पैसे पाठवू नकोस. हा माणूस फी भरत नाही."

तीन वेळा सांगितलं. काकांच्या डोळ्यात डोळे घालून.

काका हसले. चहाचा कप खाली ठेवला. पाठीवर थाप मारली.

"शाबास. मस्त बोललास यार."

निहारला वाटलं, काका घाबरले. वेड पांघरताहेत. सोमवारी फी भरली गेली, तेव्हा तर खात्रीच पटली.

हँगरमध्ये त्यानंतर सगळं शांत झालं. फळा रोज पूर्ण भरायचा.

ऑगस्टमध्ये निहारचा कोर्स संपला. तो बॅग भरत असताना बेसमेंटच्या जिन्यावरून कुणीतरी दोन सुटकेस घेऊन खाली आलं.

"निहारदादा ना? मी शिव. तुमच्यामुळे आलो बघा."

"माझ्यामुळे? मी तर तुला येऊ नको म्हणालो होतो!"

शिवला ती थट्टा वाटली. त्याच्या वडिलांनी तो फोन रेकॉर्ड करून ठेवला होता. त्याने लगेच लावून दाखवला.

आवाज निहारचा होता.

"बिनधास्त ये. फी काका वेळेवर भरतात."

तीन वेळा...

निहारने त्याला तिथेच, जिन्यावर बसवून सगळं सांगितलं. पण पैसे केव्हाच काकांकडे पोचले होते. शिव उठला आणि म्हणाला, "दादा, तुमची फी झाली ना? मग झालं." त्यानंतर तो निहारशी बोलला नाही.

ते रेकॉर्डिंग मीही ऐकलंय. हा पोरगा अडीच वर्षांचा असल्यापासून मी त्याचा आवाज ओळखतो. तोच आहे. अडखळत नाही, की घाबरलेलाही वाटत नाही.

"मामा, माझ्यावर विश्वास आहे ना?" तो विचारतो.

मी लगेच हो म्हणतो. जरा जास्तच लगेच म्हणतो, असं माझी बायको म्हणते.

त्याच्या गळ्यातून दुसरं कुणी बोललं असेल, तर ते भयंकर आहे. कुणीच बोललं नसेल, तर...

असो.

निहार आता हैदराबादला विमानांच्या कामावर आहे. गेल्या आठवड्यात त्याला शिवचा मेसेज आला. इतक्या महिन्यांनी पहिलाच.

"दादा, कोल्हापूरच्या एका मुलाशी बोल म्हणतायत काका. तरच फी भरणार. मी काय करू?"

आठ दिवस झाले. निहारने उत्तर दिलेलं नाही.

काल मी चिडलो. "अरे, नको बोलूस म्हणून दोन शब्द लिहायला काय होतंय तुला?"

"लिहितो मामा," तो म्हणाला. "रोज लिहितो. पण पाठवायचा धीर होत नाही... तिकडे काय पोचेल, सांगता येत नाही."