चाळीस लिटरचे रविवार

"धातू नको म्हणजे? व्हॉल्व्ह काय लाकडाचा देऊ तुम्हाला?"

बेळगावच्या खासबागेतल्या गोपाळअण्णांच्या हार्डवेअरच्या दुकानात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला, तेव्हा निवेदिताचा धीर सुटत चालला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात वहीचं पान, आणि बाहेर गणपतीनंतरचा चिवट पाऊस. पानावर तिनं आकृती काढली होती. दोन निळे बॅरल, मधे पाइप, एक छोटी मोटर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई ती, आकृती कुठली चुकायला! पण अण्णांना ती सरळ धरून कळत नव्हती आणि उलटी धरूनही.

"आणा बघू हिकडं." ठिबकच्या नळीचं भेंडोळं खांद्याला अडकवून उभ्या असलेल्या एका तरुणानं पान घेतलं. "एका बॅरलात साधं पाणी. आणि दुसऱ्यात... मीठ?"

"समुद्राचं पाणी तयार करायचंय. घरी. माशांसाठी."

तो हसला नाही. तिला तो आवडला तो इथं, अगदी पहिल्या मिनिटाला, हे तिनं पुढे कितीही नाकारलं तरी.

"आमच्या उचगावात जमिनीला मीठ फुटलं तर माणूस डोक्याला हात लावून बसतोय," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही इकत आणून पाण्यात घालताय व्हय, आक्का?"

आणि मग हसला. पुढचा एक दात किंचित तिरका होता... तिनं घाईघाईनं पावसाकडे बघितलं.

"आक्का म्हणू नका. तुमच्यापेक्षा लहानच असेन मी."

"मग काय म्हणू?"

"काम घेणार असाल तर नाव सांगते."

"ओमकार," त्यानं आपलंच आधी सांगून टाकलं. "शेतात ठिबक बसवून देतो. तुमचं काम दोन दिवसांचं."

निवेदितानं कारवारला सागरी जीवशास्त्र शिकताना दोन वर्षं समुद्र उशाशी घेतला होता. नोकरी लागली बेळगावात, आणि समुद्राची इतकी आठवण यायला लागली की तिनं हॉलमध्ये दोनशे लिटरची काचेची टाकी मांडली. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी आणि लाल पाठीची एक कोळंबी. दर रविवारी टाकीतलं चाळीस लिटर जुनं पाणी काढायचं, चाळीस लिटर नवं घालायचं. आरओचं पाणी परसातल्या बॅरलात भरायचं, त्यात माशांचं मीठ घोळायचं, आणि बादल्या उचलून तीन पायऱ्या चढायच्या. मागच्या महिन्यात तिसऱ्या पायरीवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. विनोदिनीबाई, म्हणजे तिची आई, शाळेतून निवृत्त झाली असली तरी आवाज वर्गातलाच होता. "या घरात एक तर त्या बादल्या राहतील, नाहीतर मी," तिनं बजावलं होतं.

म्हणून हा सगळा घाट. परसातून हॉलपर्यंत पाइप गेला की व्हॉल्व्ह फिरवायचा, बटण दाबायचं, बास.

"ते हुईपर्यंत दर रविवारी पाणी मी उचलतो," ओमकार म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या रविवारी बॅरल आले आणि धुऊन पालथे पडले. दुसऱ्या रविवारी त्यांच्याखालचा कट्टा झाला. तिसऱ्या रविवारी दोन पाइप जोडून ओमकार निवांत चहा प्यायला बसला.

"आज एवढंच?" निवेदितानं विचारलं.

"जोड वाळाय पायजे."

"तासाभरात वाळतो. डब्यावर लिहिलंय."

"उन्हात, मॅडम. सावलीत आठवडा लागतोय."

तिनं वर बघितलं. परसात लख्ख ऊन पडलं होतं. मग तिनं त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

चौथ्या रविवारी मात्र गडबड झाली. तो कागदात गुंडाळून एक जाडजूड पितळी व्हॉल्व्ह घेऊन आला. चिंच लावून घासलेला, देवघरातल्या समईसारखा. "प्लास्टिकचं काय खरं न्हाय," तो म्हणाला. "ह्यो बसवला की जन्मभर बघाय नको. माझ्याकडनं हाय, असू दे."

निवेदिता हळूच म्हणाली, "ओमकार... पितळेत तांबं असतं. या पाण्यात ते उतरलं तर कोळंबी जगणार नाही."

त्यानं व्हॉल्व्ह परत कागदात गुंडाळला. कान लाल झाले होते. त्या दिवशी मुकाट्यानं चाळीस लिटर चढवून तो चहा न घेता गेला, आणि निवेदिताला आठवडाभर वर्गात शिकवणं सुचलं नाही.

पाचव्या रविवारी दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं विचारलं, "कोळंबी कशी हाय?"

पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला त्यानं घरून लोहचुंबक लावून बघितलं होतं. तांब्याला चुंबक लागत नाही, हे त्याला सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं नुसतं म्हटलं, "बरी आहे. कालच कात टाकली." आणि तो इतका सुखावला की तिला त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरावासा वाटला. एक हात अर्थात अजून प्लास्टरमध्ये होता.

सहाव्या रविवारी तोही मोकळा झाला. ओमकारनं तरी बादलीला हात लावू दिला नाही. "नवं हाड हाय," तो म्हणाला. "आणि एक रविवार जाऊ दे."

असे सात रविवार गेले. आणि आठव्याच्या आधीच्या गुरुवारी ती कॉलेजातून आली तर विनोदिनीबाई परसात खुशीत उभी.

"झालं बघ गं तुझं काम. दुपारी आला आणि एका दमात संपवून गेला. चहापण घेतला नाही."

बॅरलांवर पांढऱ्या रंगात सुबक अक्षरं होती, गोडं आणि खारं. पाइप ओळंब्यात धरल्यासारखा सरळ. निवेदितानं व्हॉल्व्ह फिरवला, बटण दाबलं. अकरा मिनिटांत चाळीस लिटर बाहेर, चाळीस आत. एक थेंब सांडला नाही. ती पायरीवर बसली आणि तिला रडू कोसळलं.

"हात दुखतोय?"

"आज कसा काय आला तो?"

"मीच फोन केला होता. रविवारी पुण्याचे पाहुणे तुला बघायला येणार, परसात पसारा नको म्हटलं."

"आई, त्यांना नको म्हणून कळव."

विनोदिनीबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "त्यानं काही विचारलंय तुला?"

"नाही."

"तू?"

"नाही."

"मग आधी जाऊन काय ते खरं करून ये. पाहुण्यांना मी सांगते."

शनिवारी सकाळी ती बसनं उचगावला गेली. कोबीच्या वाफ्यात नळी ओढत असलेला ओमकार तिला बघून ताडकन उभा राहिला. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले.

"गळतंय काय?"

"नाही."

"मोटर बंद पडली?"

"अकरा मिनिटं लागली. काम चोख झालंय."

"मग... कशाला आलासा?"

"भांडायला." ती सरळ वाफ्यात उतरली. "दोन दिवसांचं काम तुम्ही सात रविवार पुरवलंत. मला कळत होतं, मी पण गप्प बसले. आणि उरलेलं मला न विचारता एका दुपारी संपवलंत?"

तो खाली चिखलाकडे बघत म्हणाला, "पाहुणे येणार म्हणाल्या आई. तुम्ही कॉलेजच्या बाई. मी पायपं जोडणारा. पाणी उचलायचं हुतं तवर तुमच्या दारात उभं राहायला तोंड हुतं मला."

"पाहुणे येत नाहीत. मी नको म्हटलं." वाफ्यातल्या नळीतून पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. "उद्या रविवार. पाणी बदलून झालंय. उचलायला काही नाही, जोडायला काही नाही. तरी याल?"

"काय म्हणून येऊ?"

"ते तुम्ही सांगायचं."

त्यानं चिखलाचे हात पँटला पुसले. मग मान वर करून, शब्द मोजत म्हणाला, "मला तुम्ही लई आवडता. त्या दुकानात आवडलासा, तवापासनं."

"मग तसंच या," ती म्हणाली. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण डोळे भरून आले आणि बस पकडायची होती.

रविवारी दहाला पुढच्या दाराची बेल वाजली. विनोदिनीबाईनं दार उघडलं. ओमकार उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. अवजारांची पिशवी नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"मोटर चालू आहे रे," ती अगदी गंभीरपणे म्हणाली.

"व्हय. मोटरचं काय काम न्हाय, आई." त्यानं हात पाठीमागे बांधले. आतल्या दाराशी निवेदिता उभी होती. "निवेदितासाठी आलोय."

विनोदिनीबाई बाजूला सरली. "मग ये आत," ती म्हणाली, "आणि आज चहा घेतल्याबिगर जायचं नाही."