खणात लावलेली होडी

लडकूच्या डोक्यात त्या दिवशी एकच गोष्ट होती. होडी नीट लावून द्यायची, राखणदार दामूला दाखवायची आणि संध्याकाळची वज्रेश्वरीकडची एसटी गाठायची. गणेशपुरीला त्याची धाकटी बहीण आनंदीबाई राहत होती. दादा, तिथे एकटा काय करतोस, इकडे ये, असे निरोपांवर निरोप ती वर्षभर धाडत होती. काशी, म्हणजे लडकूची बायको, गेल्यापासून घरात चूल पेटली काय आणि न पेटली काय, विचारणारं कोणी उरलं नव्हतं. कधीकधी दोन-दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि मग बोलायला गेला की आपलाच आवाज त्याला परका वाटे. शेवटी त्याने गाठोडं बांधलं.

साल असेल एकोणनव्वद. भिवंडीच्या खाडीवर लडकूची तर होती, म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. बापाच्या हातून ती त्याच्याकडे आली. पुढे पुलावरून रिक्षा धावायला लागल्या आणि तरीवर कुत्रंही येईना. त्याच सुमाराला निजामपुऱ्यातल्या एका लूमवाल्या शेठने खाडीकाठी बंगला बांधला. बंगल्यापुढे पाण्यात खांब रोवून फळ्यांचा लांबलचक धक्का केला आणि त्याला खण पाडले. एका खणात शेठची मोटरबोट. दुसऱ्या खणात, पाहुण्यांना बघायला म्हणून, लडकूची जुनी होडी राहणार होती.

"गाडी लावतात तशी होडी लावायची, मामा. पार्किंगच बोला ना," बंगल्याचा राखणदार दामू म्हणाला होता. दामू आधी लूमवर शिफ्टा करायचा. इथली ड्युटी म्हणजे त्याला सासुरवाडीचा पाहुणचार वाटे.

आता होडी खणात ठेवायची तर ती नुसती आणून बांधली असं होत नाही. लडकूने आठवडाभर तिच्या मागे राबून तिला नवरीसारखी तयार केली. बुडाला चिकटलेली कालवं खरवडून काढली. लूमवरचं टाकाऊ सूत डांबरात बुडवून सांध्यांत ठोकलं. खांबांवर आपटू नये म्हणून दोन्ही अंगांना रिक्षाचे जुने टायर टांगले. दोरांची तर फार काळजी. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, तेव्हा दोराला तेवढी ढील ठेवावी लागते. आणि होडी सरळ उभी राहायला हवी. कललेली असली तर भरतीला तिचा काठ धक्क्याच्या फळ्यांखाली अडकतो आणि मग ती तिथेच पाणी पिऊन बुडते.

सगळं झालं. आता तरीच्या जुन्या उतारावरून होडी सोडून बंगल्यापर्यंत न्यायची तेवढी राहिली होती. भरती चढत होती, ऊन तिरपं झालं होतं. लडकूने गाठोडं पुढच्या टोकाशी ठेवलं, वल्ही हातात घेतली, आणि दोर सोडता सोडता तोंडातून सवयीने गेलं ते गेलंच.

"तर सुटली होऽऽ! कोन ऱ्हायलाय का?"

एकदा नाही, तीनदा. त्याचा बाप तशीच हाक द्यायचा. हाक ऐकून जो कोणी येईल त्याला पार न्यायचं, तू कोण आणि कशाला जातोस हे विचारायचं नाही, ही तरीची रीत. आयुष्यभर लडकूने ती पाळली होती. पण आज होडी कुठे पार जाणार नव्हती, आणि काठावरही चिटपाखरू नव्हतं. आपल्याच खुळेपणाचं त्याला हसू आलं.

तेवढ्यात होडी दबली.

मागच्या फळीवर, डाव्या अंगाला. माणूस काठावरून पाऊल टाकून आत येतो तेव्हा दबते, अगदी तशीच. मग ती जराशी डुलली आणि तशीच कलून राहिली.

वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. म्हणजे ती फळी लडकूच्या बरोबर समोर होती. फळी रिकामी होती.

त्याने बूड तपासलं. पाण्याचा थेंब नव्हता. दोर कुठे अडकला नव्हता. चिखलाचा वास मात्र एकाएकी वाढला होता, तिवरांच्या मुळांतून येतो तसला, ओला आणि जुना. लडकू वल्ही धरून फळीकडे वाकला. मग हलकेच म्हणाला,

"काशी...?"

कोणी ओ दिली नाही. काशी फणकाऱ्याने का होईना, ओ द्यायची. ही काशी नव्हती. हे समजूनही लडकू होडी सोडून पळाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंच वाटलं. किती दिवसांनी समोर कोणी बसलं होतं. एकटेपणा माणसाला असा येडा करतो बघा. तो वल्हवायला लागला आणि भडाभडा बोलत सुटला. आज जातोय म्हणाला. बहीण मला दादा बोलते, आता केस पिकले तरी. तिची सून भाकऱ्या चांगल्या थापते. मोरू नावाचा नातू हाय, तो रात्री आजोबाच्या कुशीत निजनार असं आधीच सांगून बसलाय. माझ्यासाठी पडवीत खाट टाकलीय.

फळी ऐकत होती.

होडी खणात शिरली. लडकूने चारही दोर बांधले आणि वर धक्क्यावर चढला. दामू कमरेवर हात ठेवून बघत होता.

"मामा, कललीय की."

"बसंल सरल."

"कवा बसंल? पानी अजून चढतंय. काठ फळीखाली गेला तर शेठ माझी चामडी सोलंल." दामूने वाकून आत पाहिलं. "आत तर काय न्हाय... मग अशी का?"

लडकूने उजव्या अंगाला दगड ठेवले. होडी क्षणभर सरळ झाली आणि पुन्हा डावीकडे बसली, जणू कोणी अंग आणखी जड केलं. तेव्हा त्याला उमगलं. आपण हाक दिली, कोणी आलं, आणि आपण त्याला पार नेलंच नाही. ते उतरणार कसं?

होडी तशीच टाकून एसटी धरता आली असती. गाठोडं उचलून नुसतं चालू लागायचं. पण बापाची रीत मोडून, कोणाला तरी त्या खणात कायमचं बांधून बहिणीच्या घरचा घास गिळवला नसता. लडकूने गाठोडं धक्क्यावर ठेवलं, दगड काढले आणि दोर सोडले.

"आता कुठं, मामा? एसटी जाईल ना!"

"आलोच. पलीकडं जाऊन येतो."

"कशाला पन?"

लडकू होडीत उतरला आणि त्याने वल्ही उचलली.

सूर्य तिवरांआड गेला होता. खाडीवर धुकं उतरायला लागलं. या खेपेला लडकू तोंड मिटून वल्हवत होता. मघाचा धीर कुठच्या कुठे गेला होता. समोरची फळी आता काळी दिसत होती, ओल धरल्यासारखी. कुठे बगळा नाही, बेडूक नाही. फक्त वल्ह्यांची चुळूक.

मधोमध आल्यावर समोरून आवाज आला. अगदी हळू. पुष्कळ दिवस न बोललेल्या माणसाचा असावा तसा.

"घर... कोनतं?"

लडकूच्या हातातली वल्ही थांबली. पण जन्मभर उतारूंशी बोलत आलेलं ते तोंड. कोणी विचारलं की सांगायचं, ही त्याला लागलेली खोडच.

"आश्रमाच्या मागं," तो म्हणाला. "भाताच्या शेताला लागून. दारात फनस हाय."

"बहीन... दादा बोलते..."

"हा."

"मला पन... बोलंल...?"

लडकूने जीव खाऊन वल्ही मारली. पलीकडच्या उताराला होडी चिखलात रुतली. तिथे आता वाटही उरली नव्हती, नुसती तिवरं. तो डोळे मिटून म्हणाला, "उतरा. आला काठ."

होडी हलली. डावं अंग वर आलं आणि ती सरळ झाली, पाण्यावर ठेवलेल्या ताटासारखी. लडकूच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने होडी वळवली. तोंडातून चुकूनही हाक जाऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरले होते. येताना वल्ह्यांना जोर लावावा लागला नाही, अंग कसं पिसासारखं हलकं झालं होतं. सुटलो, असं त्याला वाटलं. भाकरीचा वास त्याच्या नाकात येत होता.

अंधार पडता पडता होडी खणात शिरली. लडकू वर चढला. चारही दोरांना बेताची ढील ठेवून त्याने गाठी मारल्या आणि वाकून पाहिलं. होडी सरळ होती. पण माणूस उतरला की होडी चार बोटं वर येते. ही आली नव्हती.

दामू कंदील घेऊन धावत आला. लडकू हसून त्याच्याकडे वळला. दामू त्याच्या अंगावरून पुढे गेला, धक्क्याच्या कडेला वाकला आणि कंदील होडीवर धरून म्हणाला,

"या मामा, हात द्या. किती वेळ बसनार?"

त्याने खाली हात दिला. कोणीतरी तो धरला. होडी चार बोटं वर आली.

"केवढा गार पडलाय हात! चला, सायकलनं नाक्यावर सोडतो, एसटी गावंल अजून."

"चल," लडकूच्याच आवाजात कोणी म्हणालं. "आनंदी वाट बघत असंल."

"दामू!" लडकू ओरडला. "दामू, मी हितं हाय रे!"

दामूने गाठोडं उचलून त्या माणसाच्या हातात दिलं. दोघं बंगल्याच्या वाटेला लागले. त्यातली एक पाठ लडकूची होती, तोच सदरा, तीच थोडी वाकलेली मान. लडकू त्यांच्यामागे धावला. धक्का संपला तिथे पुढे जमीन होती, आणि जमिनीवर पाऊल काही केल्या पडेना. त्याने पुन्हा पुन्हा पाय टाकून पाहिला. पाय दरवेळी धक्क्याच्या फळीवरच राही.

सायकल रस्त्याला लागली. कंदील दामूच्या हातात हिंदकळत होता आणि मागे बसलेला तो माणूस सारखा बोलत होता. बहिणीचं सांगत होता, मोरूचं सांगत होता, मध्येच हसत होता, आणि दामूही त्याच्याबरोबर हसत होता. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत लडकू तिथेच उभा राहिला.