पद अव्वा, पद

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्यासमोर घडलंय.

आमच्या घरात भूतखेत, करणी यातलं काही मानत नाहीत. मी शिक्षिका होते, वर्गातही हेच सांगायचे. तरी १९९४ च्या पौषातली, तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरची ती पहाट मला अजून उलगडलेली नाही.

पंचफुलाबाई माझी आत्या. तिला मूलबाळ नव्हतं, मला तिनंच वाढवलं. पडून तिची कंबर मोडली आणि ती खाटेला खिळली. मी आणि माझे मिस्टर दोघेही उटनूरला नोकरीवर. दिवसभर तिच्याजवळ कोण थांबणार? म्हणून तिला गुडीहत्नूरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. रांगेनं खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात मोहाचं मोठं झाड.

तिथे राजन्ना सर यायचे. रिटायर झालेले ड्रिल मास्तर, पक्के तेलुगू. रोज उजाडता उजाडता शिट्टी वाजवायचे आणि म्हाताऱ्यांना झाडाभोवती चालायला लावायचे.

"पद अव्वा, पद!"

तेलुगूत याचा अर्थ, 'चल आजी, चल.' पण आत्याबाई कानानं कमी. तिनं ऐकलं 'पड'.

"मेला मले पड म्हणून राह्यला! अगोदरच पडून कंबर मोडली ना माही!"

असं बडबडत, अंगणात सतरंजीवर आणून बसवलेली ती खरंच आडवी झाली. सगळे पोट धरून हसले.

सर मात्र हुशार. त्यांनी तिला पडल्या पडल्याच पाय उचलायला शिकवले. मग तेच ठरून गेलं. शिट्टी झाली की बाकीच्यांनी चालायचं आणि आत्याबाईनं पडायचं. शब्दाचा खरा अर्थ तिला कुणी सांगितलाच नाही. कशाला मजा घालवायची?

थट्टा सोडा, पण त्या व्यायामानं आश्रमाचं रूपच पालटलं. रुक्माबाईला दोघींनी धरून न्यावं लागायचं, ती एकटी नळावर जायला लागली. भिवाजीबाबांना गोळीशिवाय झोप लागू लागली. आत्याबाई काठीच्या आधारानं उभी राहिली, त्या दिवशी मी रडलेच.

दिवाळीच्या तोंडावर राजन्ना सर झोपेतच गेले.

शिट्टी बंद झाली. म्हातारे पुन्हा खाटांवर. रुक्माबाईचे पाय तर असे आखडले की कूस बदलायलाही माणूस लागायचं.

पौषात एका सकाळी ती मोहाखालच्या ओट्यावर बसलेली सापडली.

गेलेली होती.

खाटेवर न हलणारी बाई तिथवर पोचली कशी?

तिच्या तळपायांना माती होती... खूप चालल्यासारखी.

पाठोपाठ भिवाजीबाबा. तोच ओटा. तशीच माती.

व्यवस्थापक म्हणाले, थंडी फार आहे. माझ्या मनाला ते पटेना. आत्याबाईला घरी आणायचंच, असं ठरवून मी संध्याकाळी तिथे पोचले. परतीची बस नव्हती. तिच्या खोलीतच खाली अंथरूण टाकलं.

"आत्याबाई, सकाळी पहिल्या बसनं निघायचं."

"निघू ना. पण कसरत करून निघू. सर येऊन राह्यले ना पुन्हा."

मी अंथरुणावर उठून बसले.

"कोणते सर?"

"आपले राजन्ना सर, अजून कोणते? रोज शिट्टी होते. मी आपली पडून पाय उचलतो."

तिला सर गेल्याचं सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं. म्हातारपणाचा भ्रम म्हणून मी तोंडावर पांघरूण घेतलं.

पहाटे जाग आली ती थंडीनं. खिडकीत करडा उजेड होता.

मोठा रस्ता जवळ, पण एकाही ट्रकचा आवाज नाही. कुत्रं नाही. मोहावर एकही पाखरू बोलत नव्हतं.

आणि मग...

शिट्टी.

अंगणात पावलं सुरू झाली. घसटत, अडखळत... झाडाभोवती. एक जण नव्हता. बरेच होते.

मी खिडकीतून पाहिलं. अंगण रिकामं.

पावलं मात्र फिरतच होती.

"पद अव्वा, पद..."

आवाज दाराशी होता.

आत्याबाई जागी होती. पाठीवर सरळ पडलेली, हात अंगालगत. दबक्या आवाजात म्हणाली, "पडली हावो मी, सर. पडली हावो."

"पद..."

त्या हाकेत रागही नव्हता, घाईही नव्हती. किती मायेनं बोलावत होतं कुणीतरी! माझं सगळं शिक्षण तेलुगूत झालेलं. मला नीट कळत होतं, चल म्हणतायत. जायला काय हरकत आहे, असं वाटलं.

"काऊन उठली वं तू?"

आत्याबाई ओरडली तेव्हा कळलं... मी दारात उभी होते. माझा हात कडीवर होता.

"सर पड म्हणून राह्यले ना! आयकू येत नाही का? पड!"

मी होते तिथेच फरशीवर अंग टाकलं. डोळे मिटले. दाराबाहेर बराच वेळ कुणीतरी उभं होतं. मग पावलं लांब गेली आणि कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला.

उजाडल्यावर मोहाभोवती मातीत पाऊलखुणांचं रिंगण होतं. सगळ्या अनवाणी पायांच्या. व्यवस्थापकांनी ते पाहिलं आणि खराटा मागवला.

बसमध्ये आत्याबाई खिडकीबाहेर पाहत होती. मध्येच म्हणाली, "सर पडच म्हणत होते ना वं?"

"हो आत्याबाई. पडच."

तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"मंग रुक्माबाई काऊन उठली?"

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

आत्याबाई आमच्याकडे पुढे बरीच वर्षं राहिली. अंगणात फिरायची, सकाळी पडून पाय उचलायची. एका उन्हाळ्यात भरल्या दुपारी, माझ्या मांडीवर शांतपणे गेली.

आता माझेही गुडघे धरलेत. सून निर्मळ गावची आहे, घरात तेलुगूच बोलते, गोड बोलते. तिला मी एवढंच सांगून ठेवलंय, काहीही झालं तरी मला पहाटे उठवायचं ते मराठीतच. का, ते अजून सांगितलेलं नाही.